सुतकात लावलेली वांगी

आमच्या लायनीत पाला जाळणं बंद झालं ते माझ्यामुळे. हे मी दोन वर्षं, ऐकणाऱ्याला आणि न ऐकणाऱ्यालाही, सांगत होते.

हिंदी मुलखातल्या आमच्या पोलाद कारखान्याच्या गावात, सेक्टर सहामधली कंपनीची क्वार्टरं जोडीजोडीनं बांधलेली. दोन घरांच्या मधे एकच भिंत, आणि मागच्या अंगणात ती भिंत संपली की कमरेएवढं मेंदीचं कुंपण. शिवरात्रीच्या सुमाराला रस्त्याकडेची झाडं पानं टाकायला लागतात. कडुनिंब आठवड्याभरात उघडा पडतो, सागवानाची ताटाएवढी पानं खडखडत अंगणात येतात, आणि सकाळी झाडलेलं अंगण दुपारी झाडलंच नव्हतं असं दिसतं. तेव्हा सगळे एकच करायचे. फाटकासमोर ढीग लावायचा आणि काडी ओढायची. संध्याकाळी सगळ्या लायनीवर धूर. माझ्या नवऱ्याला दमा आहे. पाळीवरून घरी आला की तो खिडक्या लावून, तोंडाला ओला रुमाल धरून बसायचा.

शेवटी एका वर्षी मी घरोघर फिरले. मी प्लांटच्या एका ऑफिसात क्लार्क आहे, लोकांकडून कागदावर सह्या घ्यायची सवय आहे. सह्या घेतल्या, विटांचे चौकोन रचून खताचे खड्डे कसे करायचे ते दाखवलं, मोबाईलवरचे व्हिडिओ दाखवले. बहुतेकांनी कटकट नको म्हणून ऐकलं. ऐकलं नाही ते फक्त शेजारच्या भाऊंनी.

भाऊ म्हणजे कुंपणापलीकडचे शेजारी. प्लांटमध्ये भट्टीवर कामाला, साठीला आलेले, मूळचे भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातले. मी त्यांना भाऊ म्हणायची आणि त्यांच्या बायकोला वहिनी. आमच्या अंगणात शोभेची झाडं आणि त्यांच्या अंगणात शेत, असा एकूण हिशेब. चार हात जागेत ते वांगी, लसूण, अंबाडी, वाल, सगळं काढायचे. त्या दिवशी ते जुन्या वांग्याच्या काड्या पेटवत होते आणि मी कुंपणापाशी जाऊन उभी राहिले.

"भाऊ, जाळू नका ना. याचं खत होतं."

"होते नं ताई, मले माईत हाये. पाल्याचं खत कराच. पण हे वांग्याचे जुने झाडं होय. हे जाळाच लागते. माझा बाप जाळे. त्याच्यातला रोग मरते."

"आता शास्त्र पुढं गेलंय भाऊ. खड्ड्यात इतकी उष्णता होते की सगळं मरतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाद घालायचा की नाही, याचा विचार करत असावेत. मग पायातल्या बुटानं विस्तव दाबून टाकला.

"तुमी शिकलेले मानूस. तुमी म्हनता तं असंल बाप्पा."

मला खूप आनंद झाला होता. आतून टाळ्या वाजल्यासारखं वाटलं होतं.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी पहिल्यांदाच टमाटे लावले. पावर हाउस भागातल्या बाजारातून रोपांची जुडी आणली, ओल्या पेपरात गुंडाळलेली. रोपं झपाझप वाढली. काठ्या रोवून, जुन्या हिरव्या ओढणीच्या पट्ट्या फाडून मी ती बांधली. फुलं आली, गोट्यांएवढी फळं लागली. मग संक्रांतीनंतर एक झाड दुपारी मान टाकून उभं दिसलं. पानं हिरवीगार, पिवळेपणाचा ठिपका नाही, आणि तरी उकडल्यासारखी लोंबलेली. संध्याकाळी ते सावरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. चौथ्या दिवशी सावरलं नाही, आणि शेजारचं झाड झुकायला लागलं.

मी एक फांदी घेऊन नर्सरीत गेले. तिथल्या बाईंनी ती हातात घेऊन फिरवली आणि एक काचेचा ग्लास पाण्यानं भरून आणला. फांदीचं टोक तिरपं कापून पाण्यात धरलं. "देखो दीदी," म्हणाल्या. आम्ही दोघी वाकून पाहत राहिलो. थोड्या वेळानं कापलेल्या टोकातून दुधासारखा पांढरा धागा सुटला आणि हळूहळू ग्लासाच्या तळाकडे उतरत गेला.

"यह मिट्टी का रोग है। पौधे जड़ समेत निकालो। जला दो, नहीं तो बोरी में बाँधकर दूर फेंको। खाद में मत डालना। बिल्कुल मत डालना।"

त्यांनी 'बिल्कुल' या शब्दावर जोर दिला होता. मी तो पुढं कितीदा आठवला आहे. मला नीट कळलं नव्हतं असं म्हणायला त्या शब्दानं जागाच ठेवलेली नाही.

मराठीत याला मर रोग म्हणतात. रविवारी सकाळी मी सगळी झाडं उपटली, ढीग केला आणि घरातून काडेपेटी आणली. कुंपणापलीकडे भाऊ लसणाला पाणी देत होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती. पण मी काडी ओढली असती तर धूर त्यांच्या अंगणात गेला असता आणि ते वळले असते. वर्षभरापूर्वी मी ज्यांना बुटानं विस्तव विझवायला लावला, त्यांच्यासमोर मी टमाट्याची झाडं जाळणार? बोरी बांधून ठेवायची तर कचऱ्याची गाडी तीन दिवस फिरकली नव्हती. मी काडेपेटी खिशात टाकली, कात्रीनं झाडांचे तुकडे केले आणि खताच्या खड्ड्यात टाकले. वर सागवानाची पानं पसरली. दहा मिनिटांचं काम झालं. उष्णतेनं सगळं मरेल, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तो खड्डा मी महिन्यात एकदाही वरखाली केलेला नव्हता. त्यात हात घातला तर थंडगार लागायचा.

गणपतीपर्यंत खत तयार झालं. काळंभोर, चहापत्तीसारखं सुटं. त्याच सुमाराला भाऊ एकदा कुंपणापाशी आले आणि जरा संकोचून म्हणाले, "ताई, तुमचं खत मस्त झालं हाये. दोन घमेले द्याल का?"

मी विचारलं, "कशाला?" म्हणजे, कोणत्या वाफ्यासाठी.

तेव्हा त्यांनी वांग्यांचं सांगितलं. त्यांच्याकडची वांगी मी नेहमी पाहिलेली, खाल्लेलीही होती. हिरवट पांढरी, देठाला बारीक काटे, भाजली की साल आपोआप सुटणारी. त्या वांग्याचं बी त्यांच्या आईकडचं. आई गेल्यावर गावात मोठ्या भावानं ते काही वर्षं लावलं, मग सगळीकडे बाजाराचं बी आलं आणि ते संपलं. उरलं ते फक्त भाऊंकडे, राखेत घोळवून औषधाच्या बाटलीत ठेवलेलं. दरवर्षी ते एक वांगं झाडावरच पिवळं होईस्तोवर ठेवत आणि त्याचं बी काढत. मागची दोन वर्षं पाळ्यांच्या गडबडीत राहून गेलं होतं.

"बी जुनं झालं आता. अर्धं उगवते, अर्धं नाई. म्हनून ह्या वर्षी सारंच बी पेरून देलो रोपाच्या वाफ्यात. फागुनात मी रिटायर होतो, क्वार्टर सोडा लागते. कोहक्याले घर बांधलं हाये. जाताना नवं बी घेऊन जातो. जमीन जरा ताकतीची पायजे, म्हनून म्हनलं तुमचं खत."

मी घमेलं घेतलं आणि खड्ड्याशी बसले. फावड्यानं खत ओढताना हिरव्या ओढणीची एक पट्टी वर आली. कापड नायलॉनचं, तसंच्या तसं होतं, गाठीसकट. मी ती पट्टी हातात धरली. मला सगळं आठवलं, ग्लासातला पांढरा धागासुद्धा. मग मी ती पट्टी मुठीत दाबून बाजूला फेकली आणि घमेलं भरलं. दोन नाही, चार घमेली दिली.

मी विसरले होते, असं मी पुढं वर्षभर म्हणत राहिले, मनातल्या मनात. पण एक गोष्ट आहे जी मला तसं म्हणू देत नाही. त्या वर्षी ते खत मी झेंडूला टाकलं, शेवंतीला टाकलं. माझ्या स्वतःच्या भाजीच्या वाफ्यात टाकलं नाही.

दसऱ्यानंतर लगेच भाऊंचे मोठे भाऊ गावी वारले. भाऊ रात्रीच्या गाडीनं गेले आणि चार दिवसांनी डोकं भादरून परत आले. सुट्टी पुरत नव्हती. दोन दिवस ड्युटी करून पुन्हा तेरवीला जायचं होतं. मी सकाळी मागच्या दारात भांडी ठेवत होते, तेव्हा वहिनींचा आवाज आला.

"सुतक हाये घरात. मातीले हात कावून लावून राहिले?"

"रोपं लंबी होऊन राहिली, दिसत नाई का तुले? आज नाई लावली तं गेली."

"तेरवी होऊ द्या मंग लावा."

"तवापर्यंत काय राह्यते?"

ते एकटेच लावत बसले. भादरलेल्या डोक्यावर रुमाल बांधलेला. प्रत्येक आळ्यात ओंजळभर माझं खत टाकायचे, रोप ठेवायचे, दोन्ही हातांनी माती दाबायचे. मी मोरीतून पाहत होते. अजून वेळ होता. 'भाऊ, ते खत नका वापरू,' एवढंच म्हणायचं होतं. पण मी ते म्हटलं असतं तर पुढं त्यांचं 'कावून?', म्हणजे का, आलं असतं. मी भांडी घासून आत गेले.

महिनाभर काही झालं नाही. झाडं जोरदार आली. मला वाटलं, सुटले. देवाला नारळही बोलले होते, तोही फोडला.

मग डिसेंबरात एका दुपारी एक झाड मान टाकून उभं दिसलं.

भाऊंना वाटलं पाणी कमी पडलं. त्यांनी पाणी वाढवलं. त्या पाण्याबरोबर रोग आळ्यातून आळ्यात जात होता हे मला ठाऊक होतं, कारण एव्हाना मी या रोगाबद्दल मिळेल ते सगळं वाचलं होतं. आजारी झाडं लगेच काढून बाजूची माती वेगळी केली असती, पाणी तोडलं असतं, तर पलीकडच्या टोकाची काही झाडं वाचू शकली असती. बी घ्यायला दोन झाडं पुरली असती. एक पुरलं असतं.

त्यांनी मला हाक मारली. हातात एक उपटलेलं झाड होतं, खोड उभं चिरलेलं, आतून तपकिरी पडलेलं.

"ताई, तुमी वाचता, मोबाईलवर पाह्यता. हे काय होय? किडा तं दिसत नाई कुठं."

मी झाड हातात घेतलं. उलटसुलट केलं. नर्सरीतल्या बाईंसारखं.

"थंडी आणि ऊन एकदम पडतंय ना भाऊ, त्यानं असेल," मी म्हणाले.

"थंडीनं?"

"असू शकतं."

त्यांनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला नव्हता, पण मी खोटं बोलते आहे असंही त्यांच्या मनात आलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आता सांगून काय होणार? जाता जाता माणसाचं मन कशाला मोडायचं?" तो चांगल्या मनानं म्हणाला. मी ते वाक्य उचललं आणि त्याच्या आड लपून बसले.

नाताळच्या सुट्टीपर्यंत सगळा वाफा गेला. वहिनी मागच्या पायरीवर बसून तूर सोलत होत्या. भाऊ कंबरेवर हात ठेवून उभे होते.

"मी म्हनली होती," वहिनी म्हणाल्या. रागानं नाही, थकून. "सुतकात लावू नका म्हनून."

"बराबर हाये तुयं."

"सख्खा भाऊ गेला, अन् तुमी पाचव्या दिवशी माती उकरून राहिले."

"बराबर हाये म्हनलं नं."

मी सुतकबितक मानत नाही. ऑफिसात कोणी असं काही बोललं की त्याची थट्टा करणारी मीच असते. त्या दिवशी मी कुंपणाच्या अलीकडे उभी राहून ते ऐकलं आणि तोंड उघडलं नाही. मला बरं वाटलं होतं. हे लिहायला जड जातं, पण तेच खरं आहे. दोष सुतकाकडे गेला म्हणून मला हलकं वाटलं.

भाऊंनी झाडं उपटून ढीग केला. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "ताई, हे खड्ड्यात टाकू का? का आनखी कुठं?"

"नको," मी म्हणाले. "जाळा."

"जाळू? तुमीच तं म्हनल्या होत्या..."

"यावेळी जाळा भाऊ."

भाऊंनी ढिगाकडे पाहिलं. मग काडेपेटी आणायला आत गेले. धूर आमच्या खिडकीत आला, नवऱ्यानं उठून खिडकी लावली. लायनीत कोणी काही बोललं नाही.

शिवरात्रीनंतर ते रिटायर झाले आणि आठवड्याभरात क्वार्टर सोडलं. सामानाच्या गाडीत सामान चढत होतं त्या दिवशी दोघांचं जेवण मी दिलं. वहिनींनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "तुमच्यासारखा शेजार नाई भेटत, ताई." भाऊंनी जाताना त्यांची कुदळ कुंपणावरून माझ्याकडे दिली. मी म्हटलं, तुम्हाला लागेल ना. ते म्हणाले, "मले आता कायले लागते." मी ती घेतली. घ्यायला नको होती. पण न घेण्याचं कारण सांगावं लागलं असतं.

पावसाळ्यात त्या क्वार्टरमध्ये नवं कुटुंब आलं. नवरा प्लांटमध्ये, बायको विशीबाविशीची, राजनांदगावकडची. तीन आठवड्यांत तिनं मागचं अंगण साफ केलं. एका सकाळी पाहते तर ती नेमकी त्याच जागी वाफा करत होती, आणि शेजारी ट्रेमध्ये मिरची आणि टमाट्याची रोपं होती. मी चहाचा कप ओट्यावर तसाच ठेवून धावले.

"वहाँ मत लगाओ! उस मिट्टी में बीमारी है।"

ती दचकली. "कैसी बीमारी, दीदी?"

आणि मी सांगितलं. माझी टमाट्याची झाडं, खड्डा, खत, आधीच्या शेजाऱ्यांची वांगी, सगळं. "मेरी खाद से आई," असं मी स्वच्छ आवाजात म्हणाले. आणि काही वर्षं इथं टमाटे, वांगी, मिरची, आलू काही लावू नकोस, मका लाव, भेंडी लाव, हिवाळ्यात मेथी-लसूण लाव, हेही सांगितलं.

"अच्छा हुआ आपने बता दिया," ती म्हणाली आणि रोपांचा ट्रे उचलून पुढच्या अंगणात घेऊन गेली. तिच्या लेखी विषय संपला होता.

मी परत येऊन चहा प्यायला बसले तर तो अजून गरम होता. एवढाच वेळ लागला होता. जे मी नऊ-दहा महिने गिळून बसले होते, ते तीन आठवड्यांच्या ओळखीच्या मुलीला चहा निवायच्या आत सांगून झालं. त्या दिवशी ऑफिसात मी एकाच अर्जावर दोनदा शिक्का मारला.

तरीही मी भाऊंकडे कोहक्याला गेले नाही. पाऊस आहे, गणपती आहेत, ऑफिसात काम आहे. दिवाळीच्या आधी पावर हाउसच्या बाजारात पणत्या घेताना वहिनी भेटल्या. वाळल्या होत्या. मी विचारलं, भाऊ कसे आहेत?

"हायेत. खुर्चीवर बसून राह्यते दिवसभर. टीव्ही पाह्यते."

"बागेचं काय? तिथं तर जागा आहे म्हणाले होते."

"जागा भल्ली हाये. सारं अंगन उघडं पडलं हाये. मातीले हातच लावत नाई. मी म्हनली, दोन मेथीचे वाफे तं करा. तं म्हनते, माझा हात खराब झाला. भाऊ गेला तवा मी शिवलो नसतो तं आईचं बी राह्यलं असतं, म्हनते." त्यांनी पणत्या पिशवीत ठेवल्या. "मलेच वाईट वाटते आता. मीच बोलली होती नं सुतकाचं. या नं घरी, ताई. तुमचं ऐकते ते."

मी त्या वेळपर्यंत एवढंच धरून चालले होते की माझ्यामुळे एक वाफा गेला आणि एक बी गेलं. ते मोठंच होतं. पण हा माणूस वर्षभर आपल्या हाताकडे पाहत बसला आहे, आणि बायको स्वतःच्या जिभेला दोष देते आहे, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. बी माझ्या चुकीनं गेलं असेल. हे मात्र माझ्या गप्प बसण्यानं झालं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी स्कूटी काढून गेले. नवरा येतो म्हणाला, मी नको म्हटलं.

घर छान बांधलं होतं. पुढं ओटा, बाजूला रिकामी जमीन, त्यात गाजरगवत माजलेलं. भाऊ खुर्चीवर होते. मला पाहून उठले, खूश झाले, वहिनींना हाक मारून चहा टाकायला सांगितलं. मी म्हटलं, वहिनी, चहा नंतर, तुम्हीही बसा.

मी ठरवून गेले होते की सरळ सांगायचं, रडायचं नाही. सरळच सांगितलं. नर्सरीतल्या बाईंनी काय सांगितलं होतं तेही सांगितलं, ओढणीची पट्टी सांगितली, थंडी-उन्हाचं खोटं सांगितलं. झेंडूचंही सांगितलं. शेवटी मी म्हणाले, "सुतकाचा काही संबंध नव्हता भाऊ. तुमच्या हाताचाही नव्हता. माझं खत होतं."

वहिनींनी तोंडावर पदर घेतला. भाऊ माझ्याकडे पाहत नव्हते, रस्त्याकडे पाहत होते. तसेच पाहत बोलले.

"जाळा म्हनल्या तुमी, तवा मी विचार केलतो. ह्या बाई जाळा कावून म्हनून राहिल्या? मंग वाटलं, सुतकाचं हाये म्हनून म्हनत असान."

त्यांनी मान वळवून पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"थंडीनं झालं म्हनल्या तवा कितीक झाडं उभी होती? आठवते?"

"अर्ध्याहून जास्त."

"हां. अर्ध्याहून जास्त." त्यांनी मान हलवली. "तवा सांगतलं असतं तं मी त्या कोपऱ्यातले चार झाडं मातीसकट उचलले असते. बादल्यात ठेवले असते. मी वाचवलो असतो, ताई. मले येते ते."

"हो."

"खत देल्लं ते समजते मले. मानसाले लाज वाटते. पन मी झाड घेऊन तुमच्यासमोर उभा होतो. मी तुमाले विचारून राहिलो होतो."

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. वहिनी उठल्या आणि चहा टाकायला आत गेल्या, पण भाऊ म्हणाले, "राहू दे." मग मीच उठले. फाटकापर्यंत कोणी आलं नाही.

स्कूटीवरून येताना मला हलकं वाटेल असं मी गृहीत धरलं होतं. तसं काही झालं नाही. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मी दुपारचं जेवले नाही एवढंच.

थंडी सरली, पानगळ आली, गेली. लायनीत काहींनी पुन्हा पाला जाळायला सुरुवात केली. मी पाला न जाळण्याबद्दल सांगते अजून, पण दारोदार जाऊन नाही, आणि सांगताना आधी विचारते, झाड कशानं गेलं होतं? रोगट झाड असेल तर वेगळं काढा, खड्ड्यात घालू नका. लोक म्हणतात, म्याडम बदलल्या.

उन्हाळा संपता संपता वहिनींचा फोन आला. आवाजात हसू होतं. "जमीन खोदून राहिले दोन दिवसांपासून. गाजरगवत सारं काढलं. या पाह्याले." मी विचारलं, भाऊंनी बोलावलंय का? "मी बोलावून राहिली नं," म्हणाल्या.

मी पावसाळा अर्धा होऊ दिला आणि मग गेले.

बाजूच्या जमिनीत सरळ रेघेत वाफे होते. भेंडी फुलावर आली होती, चवळीचे वेल तारेवर चढले होते, अंबाडी गुडघ्याएवढी झाली होती. एका कडेला वांग्याची रोपं होती. ती बाजारातल्या बियांची, आईच्या बियांची नव्हेत, हे भाऊंनी नंतर मी न विचारताच सांगितलं. ते वाफ्यात उकिडवे बसून गवत काढत होते, हात कोपरापर्यंत मातीचे. मी फाटक उघडलं आणि त्यांच्या दिशेनं निघाले.

"ताई, थांबा," ते म्हणाले.

मी थांबले.

"चपला बाहेरच काढा. तुमच्या अंगनातली माती असंल त्यायले."

ते टोचून बोलले नव्हते. मी वाचलं होतं तेच होतं ते. हा रोग चपलेच्या मातीतूनही जातो, अवजारातून जातो, आणि तेही त्यांनी मधल्या काळात कुणाला तरी विचारून समजून घेतलं होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. तरी माझं तोंड तापलं.

मी फाटकाबाहेर जाऊन चपला काढल्या. वहिनींनी बादली आणून दिली, मी पाय धुतले. मग ओल्या पायांनी आत गेले आणि वाफ्याच्या कडेला, त्यांनी बोट दाखवलं त्या जागी, उभी राहिले.

"भेंडी न्या थोडी," ते म्हणाले आणि पुन्हा गवत काढायला लागले.